अडतीसपुढचं शून्य

भाऊ, तुमच्या दहाव्याला मी आले ती मनात संशय घेऊनच. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलताना मला बरं वाटेल.

दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. तुम्ही गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. मालकांनी दोन ओळी टाकल्या होत्या, त्याखाली सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले. मग फोन बाजूला ठेवून हातातलं काम पुढे चालू केलं आणि दहा मिनिटांनी पाहिलं तर एकच आकडा मी तीनदा लिहिला होता. तरी मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता कधीच कळणार नाही, असा तो विचार होता. तुम्ही ते शून्य नक्की कधी लिहिलंत, हे आता कुणाला विचारायचं?

नदीवर तुमच्या गावची माणसं जमली होती. भिवपुरीच्या डोंगरावरून उतरणारे पाण्याचे ते मोठे पाइप समोर दिसत होते. मी बायकांच्या बाजूला उभी होते, कुणी मला ओळखत नव्हतं. आणि तिथे मला नरेश दिसला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, उजव्या हाताची बोटं अजून नीट न मिटणारी. तो घरच्या माणसासारखा वावरत होता. पाणी आणत होता, पानं मांडत होता, तुमच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवत होता.

ज्या माणसाचा हात आपल्या चुकीच्या रिपोर्टामुळे भाजला, तो तुमच्या दहाव्याला पानं का मांडतोय? मला एकच उत्तर सुचलं. तुमचं आणि त्याचं काहीतरी ठरलं असणार. तो चौकशीत गप्प राहिला तो उगाच नाही. भाऊ, तुमची राख थंड होऊन आठवडा झाला नव्हता आणि मी नदीकाठी उभी राहून तुमच्यावर नवा आरोप जुळवत होते.

ही सवय मला तुम्हीच लावलीत. अकरा वर्षांपूर्वी खोपोलीच्या त्या दोन खोल्यांच्या टेस्टिंग एजन्सीत मी लागले तेव्हा माझ्याकडे डिग्री होती आणि तुमच्याकडे व्हॅनमधली ती मापाच्या मशीनची निळी पेटी. खालापुरातल्या कारखान्यांचे ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, तपासायचे हे आपलं काम. ब्रेकर जोडलेल्या स्थितीत असताना त्याचे आतले तांब्याचे जोड एकमेकांना किती घट्ट टेकतात, हे पाहायचं. नीट टेकले असतील तर विजेला जवळजवळ काहीच अडथळा होत नाही. तो 'जवळजवळ काहीच नाही' मोजायचा. शंभर अँपिअर सोडायचे, चार वायरी लावायच्या, आणि ओहमच्या दहा लाखाव्या भागात उत्तर वाचायचं.

पहिल्याच आठवड्यात मी मिली आणि मायक्रोमध्ये घोळ घातला. कर्जतच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मास्तरांची मुलगी मी, मला फार लाज वाटली. तुम्ही हसला नाहीत. व्हॅनच्या मागच्या दारात बसून म्हणालात, "मॅडम, ओहम म्हंजे किलोमीटर धरा. मिली म्हंजे मीटर. मायक्रो म्हंजे मिलीमीटर. हजार मिलीमीटरचा एक मीटर, हजार मीटरचा एक किलोमीटर. संपलं. फकस्त एक ध्यानात ठेवा, आपल्या या कामात सेंटीमीटर नाय. तो शिंप्याकडं."

त्यानंतर मी कधी चुकले नाही. नॅनोपर्यंत गेले तरी नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत आले, आधी तुमचं नाव घेऊन. आपलं भांडण झाल्यावरही सांगत राहिले, पण मग फक्त गोष्ट सांगायची, नाव गाळायची. तेही आज कबूल करते.

आणि तुमची दुसरी शिकवण. माप चांगलं आलं की तुमच्या कपाळावर आठी पडायची. वाईट आलं तर तुम्ही शांत असायचात. चांगलं आलं की क्लिपा काढून, पुसून, पुन्हा लावायचात. "गोड बोलनारा मानूस आनि गोड आकडा, दोघांना पुन्ना एकदा इचारायचं," असं म्हणायचात. कळंबकडच्या एका रिसॉर्टच्या जनरेटरवर तुम्ही एकच जोड पाच वेळा तपासलात, तेव्हा तिथला मॅनेजर वैतागून म्हणाला होता, तुमचा मशीनवर विश्वास नाही का? तुम्ही म्हणालात, "मशीनवर हाय. माझ्यावर नाय."

मी तेव्हा हसले होते. ते वाक्य तुम्ही खरंच तसंच म्हणायचात, हे मला या महिन्यात कळलं.

त्या शटडाऊनच्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी सरळ बोललोच नाही. मी आरोप केला, तुम्ही कबुली दिलीत, एवढंच झालं. म्हणून आता मीच सगळं पहिल्यापासून मांडते. कुठे चुकले तर तुम्ही सांगू शकत नाही, हेही धरून.

दिवाळीच्या सुट्टीत तो कारखाना तीन दिवस बंद होता. शेवटच्या दिवशी मोठ्या ब्रेकरची पाळी आली. सकाळभर तुम्ही मापं घेतलीत आणि साइटच्या कागदावर स्वतः लिहिलीत. तीन फेज होते. पहिल्याचं एक्केचाळीस, दुसऱ्याचं त्रेचाळीस, तिसऱ्याचं अडतीस, सगळं मायक्रोमध्ये. मला त्या दिवशी दुपारी आईला कर्जतला डॉक्टरकडे न्यायचं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी मी निघाले. निघताना तुमच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे रात्रीपर्यंत रिपोर्ट टाइप होईल. तुम्ही हात धुवायला गेला होतात. फोटो काढला हे मी तुम्हाला सांगितलं की नाही, मला आठवत नाही. सांगितलं नसावं.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून मी रिपोर्ट टाइप केला. एक्केचाळीस, त्रेचाळीस, अडतीस. तिन्ही भावंडं एका चेहऱ्याची दिसत होती. शेरा लिहिला, 'समाधानकारक'. पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुम्ही विचारलंत, "रिपोर्ट गेला का, मॅडम?" मी म्हटलं, गेला. तुम्ही मान हलवलीत आणि मूळ कागद फाइलला लावलात. भाऊ, आपल्या दोघांच्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं संभाषण हे एवढंच होतं.

मे महिन्यात तो ब्रेकर पेटला. तिसऱ्या फेजचा जोड तापून तापून जळाला. धूर दिसला म्हणून तिथला ऑपरेटर नरेश पॅनल उघडायला गेला आणि आतून भडका आला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कारखान्यानं रिपोर्ट काढला, आमच्या मालकांनी मूळ कागद काढला, आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी आले. रिपोर्टात अडतीस. कागदावर तीनशे ऐंशी. अडतीस म्हणजे उत्तम जोड. तीनशे ऐंशी म्हणजे लगेच खोलायला हवा, जवळजवळ दहापट तापणारा जोड.

मालक माझ्याकडे बघत होते. टाइप मी केलं होतं.

मी तो कागद खिडकीपाशी नेला. तीन आणि आठ काळ्या शाईत होते. शून्य निळ्या शाईत होतं, किंचित लांब, किंचित मोठं. तुमचा काळा पेन सगळ्यांना माहीत होता. मी मोबाइल काढला, फोटो शोधला आणि टेबलावर ठेवला. त्यात शून्य नव्हतं. नुसतं अडतीस.

तुम्हाला बोलावलं. तुम्ही आत आलात, उभेच राहिलात. आधी तुम्हीच मला विचारलंत, "मॅडम, कंपनीवाल्यांनी तुमाला काय सांगितलं होतं का? रिपोर्ट चांगला द्या म्हनून?"

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. म्हणजे तुम्हाला वाटत होतं की मी कारखान्याच्या सांगण्यावरून शून्य खाल्लं. मी मोबाइल तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ नेलात आणि बराच वेळ पाहत राहिलात. मी म्हटलं, "शून्य नंतर घातलंय, भाऊ. अपघात झाल्यावर. स्वतःला वाचवायला."

तुम्ही मोबाइल हळूच टेबलावर ठेवलात. मालकांकडे वळून म्हणालात, "चूक पयली माझीच हाय. मॅडमची नाय." मग दाराशी जाऊन मला म्हणालात, "शून्य मी त्याच दिवशी लिवलं." आणि निघून गेलात. त्या महिन्याअखेर तुम्ही काम सोडलंत. निळी पेटी माझ्या टेबलाखाली आली.

'चूक माझीच' ही मी कबुली समजले आणि 'त्याच दिवशी' ही थाप. सगळे समजले. पुढे कारखान्यातून कुणी विचारलं तर मालक सांगायचे, एका जुन्या माणसानं आकड्यात गडबड केली होती, त्याला कमी केलं. हे वाक्य खोपोलीहून तुमच्या गावात पोचायला किती दिवस लागले असतील? मी कधी हिशेब केला नाही.

तर दहाव्याच्या दिवशी विधी आटोपल्यावर मी नरेशला बाजूला बोलावलं. मी कोण हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण जवळही तो येत नव्हता. चार हात लांब उभा राहिला.

मी विचारलं, "तू इथे कसा?"

"दर रविवारी यायचे माज्याकडं. हाताचा व्यायाम करून घ्यायचे. दोन वर्सं. एक रविवार नाय चुकला."

"का बरं?"

"मी बी इचारलं होतं एकदा. म्हनाले, तुझं देनं लागतो असं नाय, मला येऊ वाटतं."

मला ते पटलं नाही. अपराधी वाटल्याशिवाय कोण दर रविवारी येतं? मी सरळच विचारलं, "त्यांनी तुला गप्प राहायला सांगितलं होतं का?"

"व्हय," नरेश म्हणाला.

मला वाटलं, सापडलं. तुम्ही गेल्यावर दहा दिवसांनी मी तुम्हाला पकडलं होतं. मी म्हटलं, "कशाबद्दल गप्प?"

नरेशनं नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आता ते नायत, मंग सांगायला हरकत नाय. त्या दिवशी जेवताना मी त्यांच्या शेजारी होतो. भाकरी मोडता मोडता थांबले. मला म्हनाले, दोनशेच्या घरात मावलं नाय म्हनून मी बटन पुढं सरकवलं, मंग ते अडतीस कसं असंल? मला काय कळंना. भाकरी तशीच ठेवून उठले. परत कामाच्या परवानगीचं परमिट घेतलं, परत ब्रेकर उघडायला लावला, परत माप घेतलं. आनि कागद हातात घेऊन स्वतःलाच म्हनाले, सेंटीमीटर झाला रं माझा."

भाऊ, तो पुढेही बोलत होता, पण मला काही वेळ ऐकू आलं नाही.

नरेशला त्या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता. आजही नाही. त्यानं ते ध्यानात ठेवलं ते विचित्र वाटलं म्हणून. सेंटीमीटरचा त्या ब्रेकरशी काय संबंध? रचून सांगणाऱ्याला हे वाक्य रचता आलं नसतं. त्याचा अर्थ कळणारी माणसं फार थोडी, आणि त्या वेळी नदीकाठी मी एकटीच होते. दोनशे मायक्रोच्या पट्टीत माप मावलं नाही म्हणून तुम्ही बटण पुढच्या पट्टीवर नेलं होतं, आणि तिथे मशीनवर आकडा आला होता शून्य पॉइंट तीन आठ, मिलीमध्ये. तुमच्या भाषेत शून्य पॉइंट अडतीस मीटर. घाईत, अंधाऱ्या पॅनलरूममध्ये, शेजारच्या एक्केचाळीस-त्रेचाळीसकडे बघत तुम्ही त्याचं मनातल्या मनात रूपांतर केलंत आणि रोजच्या जगण्यातला सेंटीमीटर मध्ये आला. पॉइंट अडतीस मीटर म्हणजे अडतीस सेंटीमीटर. कुणीही हेच म्हणेल. मिलीमीटरमध्ये ते तीनशे ऐंशी. आम्हा सगळ्यांना ज्याच्यापासून सावध केलंत, त्याच खड्ड्यात तुम्ही स्वतः पाय घातलात, आणि भाकरी मोडेपर्यंत तुमचं तुम्हाला कळलं.

मी नरेशला विचारलं, "शून्य त्यांनी कधी लिहिलं?"

"तवाच. त्यांचा पेन गाडीत ऱ्हायला होता. माझा घेतला."

"निळा?"

"कंपनीचा देतात तो. निळाच असतो."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. शटडाऊन सांभाळणाऱ्या साहेबाला तुम्ही जाऊन सांगितलंत की तिसऱ्या फेजचा जोड खोलून साफ करायला हवा. साहेब म्हणाला, चार वाजता लाइन चालू करायची आहे, तुमचा लेखी रिपोर्ट येऊ द्या, मग बघू. रिपोर्ट गेला तो माझा. त्यात अडतीस होतं आणि 'समाधानकारक' होतं. साहेबाला अजून काय हवं होतं?

"मग तू चौकशीत हे का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज चढला असावा, दोन बायकांनी वळून पाहिलं.

"मी कंत्राटी हाय, मॅडम. हात गेलेला, वर साहेबाच्या इरोधात बोलायचं. भाऊंना म्हनलं मी सांगतो. ते नको म्हनाले. म्हनाले, मी पयल्यांदाच नीट लिवलं असतं तर मॅडमच्या फोटोत नीट आलं असतं. आधी माझी चूक, मंग बाकीच्यांची."

मी तरीही लगेच विश्वास ठेवला नाही. तुम्ही मला असंच घडवलंय. घरी जाऊन जुना फोटो काढला. दोन वर्षं तो फोटो माझ्याकडे होता, पुरावा म्हणून जपून ठेवलेला. शंभर वेळा मोठा करून मी त्यातली मोकळी जागा पाहिली होती, आठच्या पुढची. फोटोच्या वर फोन बारीक अक्षरात जी वेळ दाखवतो, ती एकदाही पाहिली नव्हती. बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेले. तिथला सेफ्टी ऑफिसर आता नवा आहे, भला माणूस आहे. जुनं परमिटचं रजिस्टर त्यानं कपाटातून काढून दिलं. त्या तारखेला एकाच ब्रेकरची दोन परमिटं होती. दुसरं दुपारी पावणेतीनला, कारण, 'फेरतपासणी, तिसरा फेज'. खाली तुमची सही, निळ्या शाईत.

मी ते रजिस्टर बंद केलं आणि तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. ऑफिसर पाणी घेऊन आला. मला विचारलं, कुणी नात्यातलं होतं का. मी हो म्हटलं.

आता मला तुमच्यावर रागवायचं आहे, भाऊ, आणि ते ऐकून घ्यायला तुम्ही नाही. फोटो पाहिलात त्या क्षणी तुम्हाला सगळं समजलं होतं. मी कारखान्याला विकली गेले नव्हते हे समजलं, म्हणून तुमचा संशय तिथेच संपला. माझा मात्र तुम्ही तसाच राहू दिलात. 'मॅडम, फोटो जेवणाआधीचा हाय, मी जेवणानंतर पुन्ना मोजलं,' एवढं एक वाक्य. मी परमिट बघायला गेले असते. भांडले असते, पण गेले असते. तुम्ही म्हणालात काय, तर 'पयली चूक माझी'. ते खरं होतं. पण ते अर्धं माप होतं, आणि अर्धं माप लिहून कुणी निघून गेलेलं तुम्हाला कधी खपलं नाही.

दोन दिवस मी असंच भांडत होते तुमच्याशी. गाडी चालवताना, आईला गोळ्या देताना. आणि मध्येच शरम वाटायची. मूळ कागद फाइलला होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. फोटोवरून टाइप केलेला रिपोर्ट मूळ कागदाशी ताडून पाहायचा, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत, पहिल्याच महिन्यात. ते मी केलं नाही, कारण आकडा गोड होता.

शेवटी पत्र लिहिलं. आमच्या मालकांना, आणि प्रत कारखान्याला. फोटोची वेळ, परमिटची वेळ, नरेशची साक्ष, सगळं घातलं. चुकीचा रिपोर्ट मी टाइप केला, मूळ कागदाशी ताडला नाही, दुरुस्ती झालेली होती ती मी पाहिली नाही, असं स्पष्ट लिहिलं. नरेशनं डाव्या हातानं सही केली. मालक म्हणाले, "कशाला आता? माणूस गेला, फाइल बंद झाली." मी म्हटलं, माणूस गेला म्हणूनच. त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि मला काही दिवस साइटवर जाऊ नका म्हणाले. ते योग्यच आहे. कारखान्यानं प्रतीवर शिक्का मारून दिला. त्या शटडाऊनच्या साहेबाला आता विचारणा गेली आहे असं ऐकते. तो नोकरी बदलून दुसरीकडे आहे. उत्तर येईल की नाही ठाऊक नाही.

पण ते सगळं नंतरचं. पत्र द्यायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या घरी गेले होते, ते तुम्हाला सांगायचं आहे.

सुमनवहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मीच खाली बसले. म्हणाल्या, "कशाला आलात?"

"पत्र वाचून दाखवायला."

"आता?" वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. "दोन वर्सं गावात लोक काय बोलले ते तुमाला ठाव हाय का? दुकानात गेलं तर बोलनं थांबायचं. जत्रेत वर्गनी मागायला यायचे, पन मानसाला पंगतीत पुढं बसवायचं बंद झालं. आता ते गेले नि तुमी कागद घेऊन आला. तुमाला काय पायजेल आमच्याकडनं?"

त्यांचा संशय माझ्या संशयापेक्षा जास्त खरा होता.

मग त्याच म्हणाल्या, "मी दोनदा म्हनले त्यांना, मॅडमना फोन करा. नाय म्हनाले. म्हनाले, मी सांगितलं तर त्यांना वाटंल रचून सांगतोय. फोटोवर टाइम असतो, मॅडम हुशार हाय, कधीतरी बघंल. त्यांचं त्यांना दिसू दे." वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "येक वर्स वाट बघितली. मंग बोलायचं सोडलं."

मी मान खाली घालून पत्र वाचायला घेतलं, कारण वर बघता येत नव्हतं. सावकाश वाचलं. त्यात मी एक गोष्ट गाळली होती, भाऊ. मुद्दाम गाळली होती. पहिल्यांदा अडतीस कुणी लिहिलं, हे मी लिहिलंच नव्हतं. 'प्रत्यक्ष जागेवर तीनशे ऐंशी अशी बरोबर नोंद करण्यात आली' एवढंच ठेवलं होतं. मला वाटलं, आता तरी तुमचं नाव पूर्ण स्वच्छ असू दे. एवढं देऊ शकत होते, तेवढं देत होते.

वहिनींनी सगळं ऐकलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि मिली-मायक्रो त्यांना काही माहीत नाही. पण त्यांनी विचारलं, "मंग तुमच्या फोटोत अडतीस आलं कुठनं?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"कुनीतरी लिवलं असंल ना. कुनी लिवलं?"

"भाऊंनी," मी म्हटलं. "रूपांतर करताना चूक झाली त्यांची. जेवताना लक्षात आली आणि लगेच दुरुस्त केली."

"ते यात हाय का?"

"नाही."

वहिनींनी सूप पुन्हा पुढे ओढलं. मग शांतपणे म्हणाल्या, "घाला. ते असते तर सही केली नसती यावर."

मी पेन काढला. मांडीवर कागद धरून दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, 'पहिल्या मापाच्या वेळी मिलीचे मायक्रोत रूपांतर करताना बाळाराम यांच्याकडून अडतीस अशी चुकीची नोंद झाली. ही चूक त्यांची त्यांनीच ओळखली, त्याच दिवशी पुन्हा माप घेतले आणि नोंद दुरुस्त केली.'

"वाचा पुन्ना," वहिनी म्हणाल्या.

मी वाचलं.

"आता बरोबर हाय," असं म्हणून त्या उठल्या, आणि मला आत चला म्हणाल्या, चहा टाकते.